परदेशात मेकॅनिक म्हणून जायचंय? नागपूरच्या गॅरेजवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

वाडीच्या ट्रान्सपोर्ट नगरातले मिस्त्री, कामठी रोडच्या शोरूममधले टेक्निशियन आणि श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयची पोरं यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एका जागी ठेवले आहेत. व्हिसाचे नियम दर वर्षा-दोन वर्षांनी हलतात. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्यायचा.

भाऊ, काम येत असलं की झालं ना? परदेशात मेकॅनिकला लायसन कशाला पाहिजे?

देशादेशाचं वेगळं आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात हा सक्तीचा ट्रेड आहे. तिथं प्रमाणपत्र नसेल आणि नोंदणी केलेले अप्रेंटिसही नसाल, तर लोकांच्या गाड्या दुरुस्त करणं बेकायदा ठरतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्यांत मेकॅनिकला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, सगळ्याच राज्यांत लागतं असं नाही. जर्मनीत पगारी नोकरीला परवाना नाही, पण स्वतःचं गॅरेज टाकायचं तर साधारणपणे माइस्टरची, म्हणजे उस्ताद-कारागिराची, पदवी हवी. ब्रिटनमध्ये कोणीही पाना हातात घेऊ शकतो. अमेरिकेतही देशपातळीवर परवाना नाही, मिशिगनसारख्या एखाद्या राज्यात मात्र आहे.

पण हे झालं तिथल्या माणसासाठी. तुम्ही नागपूरहून जाणार म्हणजे मध्ये व्हिसा आला आणि व्हिसा देणारा अधिकारी गॅरेजात येऊन तुमचं काम बघत नाही. त्याला कागद लागतो: किती वर्षं शिकलात, कुठं शिकलात, किती वर्षं पगारावर काम केलंत. आपल्याकडे इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट की बेअरिंग ते सांगणारे उस्ताद आहेत आणि त्यांच्याकडे दाखवायला एक चिठोरा नसतो. खरी अडचण तिथं आहे. खालच्या बहुतेक उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येईल.

आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा? डिझेल मेकॅनिक एका वर्षात होतो, मग मोटर व्हेईकलला दोन वर्षं का घालवायची?

बाहेर जायचा विचार मनाच्या कोपऱ्यात जरी असेल तरी दोन वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेईकलच घ्या. प्रवेशाच्या वेळी ही गोष्ट कोणी सांगत नाही. जर्मनीच्या अनेक वाटांवर अट अशी आहे की तुमचं प्रशिक्षण किमान दोन वर्षांचं आणि आपल्या सरकारनं मान्य केलेलं असावं. एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल तिथंच अडकतो, मग पुढे दहा वर्षं काम केलेलं असो. घरची ओढाताण असते, एक वर्ष लवकर कमाई सुरू होते, हे कळतं. पण त्या एका वर्षाची किंमत पुढे फार मोठी पडू शकते.

डिझेल करून बसला असाल तर तो वाया गेला असं नाही. अप्रेंटिसशिप पूर्ण करा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र घ्या. हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणींत डंपर-डोझर आहेत. मोठ्या मशीनवरचा हात हा वेगळा आणि बाहेर चांगली मागणी असलेला हात आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसायांच्या यादीत साधा मोटर मेकॅनिक आणि डिझेल मोटर मेकॅनिक हे दोन निराळे व्यवसाय आहेत. कॅनडानं २०२३ मध्ये ट्रेडच्या लोकांना तिथं स्थायिक व्हायला बोलावण्यासाठी वेगळ्या फेऱ्या काढल्या, तेव्हा पहिल्या यादीत हेवी-ड्युटी इक्विपमेंट मेकॅनिकचं नाव होतं.

माझं आयटीआय झालंच नाही. नववीत असताना गॅरेजात लागलो, आता पंधरा वर्षं झाली. माझं काय?

आधी दहावी करा. बाहेरून बसा, पण करा. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का राहतो आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. दहावी झाली की हा शिक्का जातो.

मग आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी परीक्षा. थोडी ओळख, थोडी परीक्षा आणि प्रमाणपत्र हातात. आखातातल्या नोकरीसाठी किंवा इथल्या शोरूममध्ये शिरायला त्याचा उपयोग होतो. पण ते दोन वर्षांच्या आयटीआयच्या बरोबरीचं आहे असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जर्मनीत ते तसं धरलं जात नाही. अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायचीही एक वाट आहे. तिच्या अटी आयटीआयमध्ये जाऊन विचारा. काउंटरवर एका फेरीत उत्तर मिळेल याची खात्री नाही, पण विचारा.

अनुभवाचं पत्र मालक देतो म्हणाला. त्यात काय लिहून घ्यायचं?

‘सदर इसम आमच्याकडे कामास होता, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर बाहेर कोणी तुम्हाला मेकॅनिक मानत नाही. पत्रात कामाला लागल्याची तारीख हवी, सोडल्याची हवी, आठवड्याला किती तास काम होतं ते हवं. पुढे काम तपशिलात: क्लच ओव्हरहॉल, ब्रेकचं काम, हेड उतरवून गॅस्केट बदलणं, सस्पेन्शन, वायरिंग, एसी, स्कॅनर लावून तपासणी. जे केलं तेच लिहा. पुढे मुलाखतीत त्याच पत्रावरून एकेक प्रश्न येतो आणि पत्रात डिझेल पंप लिहिलेला माणूस कॉमन रेलमधलं प्रेशर सांगताना गडबडला की सगळ्या पत्रावरच संशय येतो.

लेटरहेड, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणीचा नंबर, मालकाची सही, चालू फोन नंबर हेही बघून घ्या. आपल्याकडची मोठी गोची म्हणजे पगार रोख मिळतो, शनिवारी हातावर. ऑस्ट्रेलियासारखे देश पगाराचा पुरावा मागतात. तेव्हा आजपासून मालकाला विनंती करा की पगार खात्यात टाका, निदान यूपीआयनं तरी पाठवा. बँकेचं स्टेटमेंट खोटं बोलत नाही. पीएफ कापला जात असेल तर सोन्याहून पिवळं. काम करतानाचे फोटोही काढून ठेवा, पण ग्राहकाच्या गाडीचा नंबर झाकून.

मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी. चालतं का?

चालवून घेतलं जाईल या भरवशावर राहू नका. राज्य मंडळाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर वेगळा. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर कधी वडिलांचं नाव गायब, कधी स्पेलिंग वेगळं. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला यातलं आडनाव कुठलं ते कळत नाही, जर्मनीतल्या कारकुनाला कसं कळेल? आयटीआयच्या प्रमाणपत्रातली चूक पास झाल्या झाल्या दुरुस्त करून घ्या, पाच वर्षांनी तीच दुरुस्ती दहापट त्रासाची होते. डिजीलॉकरमध्ये प्रमाणपत्र दिसतं का तेही बघा.

दुबई किंवा सौदीला जायला कोणती परीक्षा?

दुबईत मेकॅनिकसाठी वेगळी परवाना परीक्षा नसते. कंपनी स्वतः ट्रेड टेस्ट घेते, बहुधा मुंबईत. सौदीनं मात्र व्हिसाआधी कौशल्य तपासणीची पद्धत सुरू केली आहे आणि अनेक तांत्रिक ट्रेडना ती लागू आहे, त्यात वाहनांचं वीजकामही येतं. आखाती देशांसाठी ठरलेल्या केंद्रात वैद्यकीय तपासणी होते ती वेगळी.

पगार विचारताना एकच आकडा ऐकून खुश होऊ नका. बेसिक किती, राहण्याचे-जेवणाचे किती, हे फोडून विचारा. अमिरातीत नोकरी सुटताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार. बेसिक छोटा आणि भत्ते मोठे असं ऑफर लेटर असेल तर जाताना हातात कमी येणार, हे सही करतानाच ठरतं. कतारमध्ये २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल आहे, आणि राहणं-जेवण मालक देत नसेल तर त्याचे अनुक्रमे ५०० आणि ३०० वेगळे.

उन्हाची चिंता करणाऱ्यांना एवढंच सांगतो की मे महिन्यात ४५ डिग्रीत टिनाच्या शेडखाली गिअरबॉक्स उतरवणाऱ्या नागपूरकराला तिथला उन्हाळा नवा नाही. उलट अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेता येत नाही. आपल्याकडे तेवढ्यात दोन गाड्यांची सर्व्हिसिंग होते.

जर्मनीचं खूप ऐकतो. खरं काय आहे?

मागणी खरी आहे आणि वाट लांब आहे. तिथं आपल्या कामाला काएफझेड-मेखाट्रोनिकर म्हणतात. साडेतीन वर्षांचं शिक्षण, त्यात काही दिवस शाळा आणि बाकी दिवस गॅरेज. मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन हे दोन ट्रेड २००३ मध्ये एकत्र करून हा ट्रेड झाला, म्हणून तिथल्या मेकॅनिकला वायरिंग डायग्राम वाचता येतोच. ‘ते काम इलेक्ट्रिशियनचं’ असं तिथं म्हणता येत नाही. आपल्या पोरांचा कच्चा दुवा नेमका हाच.

तुमचं आयटीआय त्यांच्या शिक्षणाशी किती जुळतं हे तिथली हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांची संस्था, ठरवते. अभ्यासक्रम, तासांचा तपशील, अनुभव असे सगळे कागद जर्मनमध्ये भाषांतर करून द्यावे लागतात. शुल्क साधारण १०० ते ६०० युरो पडतं, भाषांतराचा खर्च वेगळा. पूर्ण बरोबरी क्वचित मिळते. बहुतेकांना ‘अंशतः समान’ असं उत्तर येतं, आणि ते नापास झाल्याचं उत्तर नाही. त्यात कोणता भाग कमी आहे ते लिहिलेलं असतं. तो भाग तिथं काम करत भरून काढता येतो. मार्च २०२४ पासून अशीही वाट आहे की मालक तयार असेल तर आधी तिथं जायचं आणि मान्यतेची प्रक्रिया तिथून पूर्ण करायची. त्यासाठी जर्मन ए-२ पातळीचं हवं (भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात) आणि ते दोन वर्षांचं प्रशिक्षण हवंच. जून २०२४ मध्ये आलेल्या चान्सनकार्टे या परवान्यावर नोकरी शोधायला एक वर्ष जाता येतं, त्याला ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी चालतं. तिथंही दोन वर्षांचं प्रशिक्षण आलंच, शिवाय राहण्याइतका पैसा खात्यात दाखवावा लागतो. कागद अपुरे असतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवायची तपासणीही कायद्यात आहे, बऱ्याच जणांना ती माहीत नसते.

बारावी झालेल्या अठरा-वीसच्या पोरासाठी आणखी एक रस्ता: थेट तिथलंच आउसबिल्डुंग, म्हणजे वर सांगितलेलं शाळा आणि गॅरेज मिळून होणारं शिक्षण. शिकताना पगार मिळतो, पण जर्मन बी-१ लागतं. माझं मत विचाराल तर या वयाला हाच रस्ता सगळ्यांत सरळ, कारण समकक्षतेची भानगडच उरत नाही. भाषा मात्र नीट शिका. गॅरेजात ग्राहकाशी, पुरवठादाराशी बोलावं लागतं आणि तीन महिन्यांत बी-१ करून देतो म्हणणारे क्लास फक्त फी घेतात.

कॅनडाचं ‘रेड सील’ म्हणजे काय?

प्रांतांनी मान्य केलेली समाईक परीक्षा. ७० टक्के मिळवले की तुमच्या प्रमाणपत्रावर रेड सीलची मोहर येते आणि एका प्रांताचा मेकॅनिक दुसऱ्या प्रांतात काम करू शकतो. बाहेरून येणाऱ्यानं आधी त्या प्रांताकडून आपला अनुभव तपासून घ्यायचा. ओंटारियोत ते काम स्किल्ड ट्रेड्स ओंटारियो करतं, आणि त्यांनी होकार दिला तरच परीक्षेला बसता येतं. आपला ट्रेड तिथं ‘३१०एस’ या कोडनं ओळखतात. परीक्षा इंग्रजीत, पर्यायी प्रश्नांची. काम येणारे पण इंग्रजीत वाचायचा सराव नसणारे इथंच गळतात. इंग्रजीतलं सर्व्हिस मॅन्युअल रोज चार पानं वाचा, वेगळ्या क्लासची गरज पडणार नाही.

ऑस्ट्रेलिया?

तिथं ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था तपासते. आधी कागद, मग तांत्रिक मुलाखत किंवा प्रात्यक्षिक. पगाराचे पुरावे सगळ्यांत बारकाईनं इथंच बघतात. वर सांगितलेलं अनुभवपत्र इथं कसाला लागतं.

इंग्लंड, अमेरिका, जपान?

इंग्लंडनं जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची पातळी पदवीपर्यंत नेली, त्यामुळे मेकॅनिकसाठी ते दार बरंच आवळलं. अमेरिकेत एएसई नावाची परीक्षा आहे. १९७२ पासून चालते, ऐच्छिक आहे, दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. गॅरेजवाले तिला मान देतात, पण तिच्यावर व्हिसा मिळत नाही. जपाननं एप्रिल २०१९ पासून ठरावीक कामांसाठी कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला, त्यात वाहन दुरुस्ती आहे. कौशल्य चाचणी आणि एन-४ पातळीचं जपानी लागतं. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं. जपानबद्दल इकडे कमी बोललं जातं, खरं तर तरुण पोरांनी नीट बघावं असा देश आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत आपली माणसं कशात मार खातात?

कामात नाही, सवयीत. गाडी जॅकवर उचलली आणि स्टँड न लावता खाली सरकलात की परीक्षकानं तिथंच पेन चालवला समजा. आपल्याकडे जॅकच्या बाजूला एक जुना टायर सरकवला की माणूस निर्धास्त. दुसरं म्हणजे ब्रेक ड्रम उघडला की आपण हवेची पाइप मारून धूळ उडवतो. तिकडे हे चालत नाही, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसा. एसीचा गॅस ‘फुस्स’ करून हवेत सोडणं अमेरिकेत आणि युरोपात गुन्हा आहे. तो मशीननं काढून घ्यावा लागतो, आणि त्या कामासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं.

आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं कसला ते मोजणारा पाना. हाताच्या अंदाजानं बोल्ट कसणारा मिस्त्री इथं उस्ताद ठरतो, तिथं धोकादायक. सिलिंडर हेडचा बोल्ट घ्या: मॅन्युअलमध्ये आधी ठरावीक टॉर्क, मग वर ९० अंश असा आकडा असतो, क्रम मधून बाहेरच्या बाजूला, आणि बऱ्याच इंजिनांत जुना बोल्ट परत वापरायचा नसतो. परीक्षक तुम्ही आकडा पाठ सांगता का ते बघत नाही, मॅन्युअल उघडून शोधता का ते बघतो. पाठ सांगितलात तर उलट शंका घेतो.

वीजकामात ‘पार्ट बदलून बघू’ हे उत्तर देऊ नका. मल्टिमीटर लावून व्होल्टेज कुठं पडतोय ते शोधून दाखवा. थंड देशांत आणखी एक नवीन प्रकार भेटेल, गंज. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या खालून सडतात, आणि सायलेन्सरचा साधा नट काढायला अर्धा तास जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत हे कधी बघितलेलंच नसतं.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या. आता इंजिन शिकून उपयोग आहे का?

आहे, अजून बरीच वर्षं. पण हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घ्याच. हाय व्होल्टेजच्या त्या केशरी वायरींना प्रशिक्षणाशिवाय हात लावायला जर्मनीत परवानगीच नाही, तिथं त्याच्या वेगळ्या पायऱ्या आहेत. आयटीआयतही आता इलेक्ट्रिक व्हेईकलचा ट्रेड आला आहे.

एजंट दोन लाख मागतो. द्यायचे का?

नोंदणी असलेल्या एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. क्रमांक नसेल, तर त्याचं ऑफिस सीताबर्डीत काचेचं असलं काय नि एसीचं असलं काय, उठून यायचं. ‘आता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ’ म्हणाला तरी उठून यायचं. मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायची. घरच्यांनी शेत गहाण टाकण्याआधी एवढी दहा मिनिटांची तपासणी करावी.

वय बेचाळीस आहे. उशीर झाला का?

आखातासाठी नाही. जर्मनीत ४५ वर्षांनंतर पहिल्यांदा जाणाऱ्याला ठरावीक पगार किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते, तेव्हा तिकडचा विचार असेल तर कागद याच वर्षी हलवा. कॅनडा-ऑस्ट्रेलियात वयाला गुण आहेत आणि ते चाळिशीनंतर भराभर कमी होतात.

पाने-हत्यारं इथून न्यायची का?

जर्मनीत गॅरेज देतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मेकॅनिकची पेटी बहुधा त्याची स्वतःची असते आणि ती भरायला चांगलाच पैसा लागतो. तरी १०-११, १२-१३ चे पाने भरून वजन वाढवू नका. अमेरिकेत काही ट्रकना अजून इंची पाने लागतात, ते इकडे सहज मिळतही नाहीत. रोजच्या वापरातला मल्टिमीटर आणि एखादा हाताला बसलेला रॅचेट न्या. रॅचेट मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिन बॅगेत असला तर सोनेगावच्या विमानतळावरच काढून ठेवतील.